भेगेला अखंड अभिषेक

महाराजांनी त्रिशूळ वर उचलला आणि त्याच्याबरोबर पितळी तांब्याही वर आला. तांब्याला दोरी नाही, कडी नाही, खालून कुणाचा हात नाही. त्रिशुळाचा दांडा फक्त तांब्यातल्या मातीत खुपसलेला. टेंबाच्या वाडीच्या मंडपात जमलेल्या गर्दीनं आधी श्वास रोखला आणि मग असा जयजयकार केला की मागच्या जांभळीवरची पाखरं उडाली.

"काय आहे या तांब्यात?" भूधरनाथ महाराजांनी विचारलं.

"माती!" गर्दी ओरडली.

"कुठली माती?"

"डोंगराची!"

"मातीनं त्रिशूळ सोडला?"

"नाय!"

"मग डोंगर वाडीला सोडील?"

"नाय!"

मी कर्जतच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. गावात मला तात्या म्हणतात, जुने विद्यार्थी गुरुजी म्हणतात. तांब्यानं त्रिशूळ धरला म्हणून डोंगर वाडीला धरील, असलं उत्तर माझ्या वर्गात कुणी लिहिलं असतं तर मी पेपर घेऊन त्याच्या बापाला भेटायला गेलो असतो. इथे मात्र बापच टाळ्या वाजवत होते.

शेजारी उभी असलेली माझी पुतणी अंतरा मात्र हसत नव्हती. ती मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दरडींच्या मातीवर संशोधन करते. मातीचा एक थर दुसऱ्यावरून घसरायला किती विरोध करतो, हे मोजायचं तिचं काम. मराठी पुस्तकात त्याला 'कर्तनसामर्थ्य' असा शब्द आहे. ऐकल्यावर न्हावी आठवतो, पण गोष्ट जिवावरची आहे. वाडीच्या या खालापूर तालुक्यानं दरडीचं दुःख बघितलंय, त्याची थट्टा करायची माझी छाती नाही. म्हणूनच त्या दुःखावर धंदा करणाऱ्याची थट्टा मी मनापासून करतो.

झालं होतं असं की, मागच्या पावसाळ्याच्या शेवटी वाडीच्या मागच्या उतारावर एक लांबलचक भेग पडली. तहसील कार्यालयानं सांगितलं, यंदा मुसळधार पावसाचा इशारा आला की सगळ्यांनी खालच्या गावातल्या शाळेत राहायला यायचं. लोक कुरकुरत का होईना, तयार होते. तेवढ्यात मे महिन्यात राजेशनं महाराजांना आणलं. राजेश माझा जुना विद्यार्थी. वर्गात नकाशा उलटा धरायचा, आता डोंगरावर प्लॉट पाडतो. वरच्या सपाटीवर त्याच्या फार्महाऊसचे प्लॉट आहेत आणि तिकडे जाणारा रस्ता त्यानं जेसीबी लावून वाडीच्या पाठीमागचा पायथा कापून काढला होता. वाडी 'धोकादायक' ठरली तर वरचे प्लॉट कोण घेणार? त्यापेक्षा डोंगरच बांधून टाकलेला बरा, तोही मंत्रानं. सिमेंट लागत नाही.

"भक्तहो," महाराज सांगत होते, "मी पृथ्वीतत्त्वाचं स्तंभन केलेलं आहे. मातीच्या कणाकणाची फ्रिक्वेन्सी बदललेली आहे. पण बंधनाला पथ्य आहे. पावसाळा संपेपर्यंत कोणीही आपल्या घराचा उंबरठा सोडून मुक्कामाला बाहेर जायचं नाही. जो जाईल त्यानं बंधन तोडलं. मग डोंगर आला, तर ते पाप त्याच्या माथी!"

महाराज पूर्वाश्रमी काय करत होते ते कुणी सांगेना. हात फार मऊ होते, त्यामुळे कष्टाचं काही नसावं.

"तात्या," अंतरा माझ्या कानात म्हणाली, "तांब्याचं सोडा. ते शेवटचं वाक्य ऐकलंत ना? पाऊस लागला की ही माणसं घरातच बसणार."

भेगेच्या सगळ्यांत जवळचं घर चंद्राबाईचं. मंडपात पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यानं "नाय!" म्हणणारी तीच. वाडीत तिचा शब्द चालतो. मुलगा नामा भातशेती बघून खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीला जातो, आणि सून अक्षदा नुकतीच बाळंत झालेली. पाळणा टांगला होता तो नेमका डोंगराकडच्या खोलीत. अंतरा मातीचे नमुने घ्यायला वाडीत यायची तेव्हा या घरी चहा घ्यायची, बाळाला मांडीवर घ्यायची. तिला झोप लागेना ती त्या पाळण्यापायी.

नमुने घ्यायची तिची पद्धत बघून वाडी आधीच चकित होती. लोखंडी नळी जमिनीत ठोकायची, आतल्या मातीसकट काढायची आणि दोन्ही तोंडं मेणानं बंद करायची, म्हणजे ओल जात नाही.

"ताई, मंबईला माती नाय का गं?" नामानं एकदा विचारलं होतं.

"आहे. पण ती तुमच्या घरावर येणार नाही," ती म्हणाली होती.

मंडप सुटल्यावर आम्ही दोघं भेगेकडे चढलो, आणि मी जे बघितलं त्यानं माझं डोकंच फिरलं. भेगेच्या तोंडाशी सात लोखंडी खुंट्या ठोकलेल्या, त्यांना लाल दोरा, हळद, कुंकू, नारळ. इथपर्यंत ठीक, खुंट्यांनी काही बिघडत नाही. पण वरच्या सपाटीवरच्या राजेशच्या टाकीतून एक काळा पाइप खाली आणलेला आणि त्याचं तोंड थेट भेगेत सोडलेलं. पाणी गुळगुळ आत जात होतं. वर पाटी होती: 'अखंड अभिषेक. पादत्राणे बाहेर काढावीत.' शिवाय बायका ओळीनं हंडे घेऊन चढत होत्या आणि तेही भेगेत रिकामे करत होत्या. मे महिना! खाली विहिरीनं तळ गाठलेला, प्यायच्या पाण्याला टँकर, आणि इथे डोंगराला आंघोळ.

"अगं ए, काय चालवलंय काय हे?" मी ओरडलोच. "अक्कल गहाण टाकलीत की काय? डोंगर म्हणजे काय पिंड आहे तुमची? त्या भोंदूनं उद्या विहिरीत उडी मारा म्हटलं तर माराल?"

हंडा खाली ठेवून चंद्राबाई माझ्यासमोर आली. दम लागला होता तरी आवाज खणखणीत.

"गुरुजी, तुमी हसायला येता, वरडायला येता, आन संध्याकाळी कर्जतला आपल्या घरात जाऊन झोपता. आमाला हितंच झोपायचं हाय. म्हाराज निदान काय तरी करतो. तुमी काय केलंत?"

 खरं सांगायचं तर रागच आला, कारण म्हातारी बरोबर बोलत होती. अंतरानं माझा दंड धरला आणि मला खाली नेलं. वाटेत म्हणाली, "तात्या, तुमचा आवाज ऐकून तो पाइप बंद होणार नाही. उलट आणखी एक टाकतील."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच चंद्राबाईच्या ओटीवर जाऊन बसली. मी मागे पडवीच्या कडेला, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. अंतरानं पिशवीतून लोणच्याची रिकामी प्लॅस्टिकची बरणी काढली. तोंड निमुळतं, अंग पारदर्शक. तिनं अंगणात वाळवलेली डोंगराची माती बरणीत भरायला सुरुवात केली. थोडी भरायची, बरणी जमिनीवर आपटायची, पुन्हा भरायची.

"आजी, पायलीनं भात मोजताना व्यापारी काय करतो?"

"ठोकतो मेला! ठोकून ठोकून भरतो, म्हंजी जास्त मावतं."

"का मावतं?"

"दाणं दाण्यात बसतं. फट राहत नाय."

"मग आता तुमचं उलथनं द्या."

उलथनं तिनं दांडा खाली करून चंद्राबाईच्या हातात दिलं. "खुपसा. काढा. पुन्हा खुपसा. अजून. आता खोलवर दाबा आणि उचला."

"मी? माजी अजून पूजापण नाय झाली."

"पूजा नंतर. उचला तर."

चंद्राबाईनं उलथनं उचललं. बरणी हवेत लटकली. आतून अक्षदा बाळाला घेऊन बघायला आली आणि दारातच थबकली. चंद्राबाई एकदा बरणीकडे बघे, एकदा आपल्या हाताकडे. तिनं बरणी जरा हलवली. पडेना.

"मंत्र तर मला येत नाय," ती हळूच म्हणाली.

"मंत्र लागतच नाही. कण कणात अडकतात, दांड्याला चिमटून बसतात, वरच्या निमुळत्या तोंडामुळे त्यांना सरकायला जागा मिळत नाही. कोरडी माती अशीच धरते. महाराज तांब्यातली माती आधी तीन दिवस उन्हात का ठेवतात?"

"सूर्यदीक्षा देतो म्हणतो."

"वाळवतात, आजी. पापडासारखी."

तोवर नामा पाळीवरून आला होता. तो ओटीच्या पायरीवर बसून ऐकत होता. त्यानं डोकं खाजवलं. "पन ताई, बांध घालताना आमी वली मातीच घेतो. सुकी माती तर वाऱ्यानं उडते. वलीच घट्ट बसते की."

मी अट मोडून म्हणणार होतो, 'शाब्बास'. कारण हा प्रश्न महाराजांना कुणी विचारला नव्हता. अंतराही खूश झाली.

"अगदी बरोबर. ओली माती धरते. पण मग चिखलणीला काय करता?"

"पानी तुंबवतो. भरपूर. मग नांगर मारतो."

"आणि मग पाय?"

नामा थांबला. "गुडघ्यापत्तुर जातो," तो म्हणाला. "तीच जमीन, पायाखाली कायच राहत नाय."

 चंद्राबाईनं उलथनं बरणीसकट खाली ठेवलं आणि डोंगराकडच्या भिंतीकडे बघितलं.

"पोरी, पुढचं काय हाय ते माझ्या एकटीला दाखवू नको," ती म्हणाली. "सोमवारी मंडपात दाखव. म्हाराजांच्या तोंडावर."

सोमवारी मंडप गच्च भरला. महाराजांचा तांब्या उचलून झाला, जयजयकार झाला, आणि मग चंद्राबाई उभी राहिली. बरणी समोर ठेवली, उलथनं खुपसलं आणि उचललं. जयजयकार करायचा की नाही, हे गर्दीला कळेना. दोघा-चौघांनी सवयीनं "जय!" म्हटलं आणि मग लाजून गप्प बसले.

महाराजांनी मात्र झटक्यात सावरलं. असल्या लोकांचं हेच कौतुक आहे, घसरले तरी उभेच वाटतात. "पाहा!" ते गरजले. "बंधन इतकं प्रबळ झालेलं आहे की, आता भक्तांच्या हातूनही कार्य घडतंय! माझी शक्ती हिच्यात उतरलीय!"

"मग म्हाराज, आता जरा अभिषेक करू," चंद्राबाई म्हणाली.

बरणीच्या तळाला अंतरानं भोक पाडून त्यात सलाइनची नळी चिकटवली होती, आतून फडकं लावून. नळीचं दुसरं टोक पाण्यानं भरलेल्या बाटलीला. मातीवर तिनं एक लहानसा दगड ठेवला आणि वाडीतल्या लोकांना म्हणाली, "हे घर समजा." दगड मातीवर ऐटीत बसला होता. मग तिनं नामाला बाटली धरून बाकावर उभं केलं.

"डोंगरात पाणी वरून नुसतं वाहून जात नाही. भेगेतून आत उतरतं, खडकावर साचतं आणि मग खालून मातीला वर रेटतं. वर टाकीतून जितकं जास्त पाणी येईल, तितका रेटा जास्त. नामादादा, बाटली उंच धरा."

पाणी चढू लागलं. पारदर्शक बरणीत काळी रेघ खालून वर सरकताना सगळ्यांना दिसत होती.  ओल वरपर्यंत आली. काहीच झालं नाही. महाराजांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"जलतत्त्व आणि पृथ्वीतत्त्व यांचा विवाह..." त्यांनी सुरुवात केली.

"अजून उंच," अंतरा म्हणाली.

नामानं हात डोक्यावर नेले. मातीचा वरचा थर किंचित फुगला, थरथरला, त्यावर पाण्याचे बुडबुडे आले. दगड आधी कलला. मग सावकाश, कुणी खालून ओढून घ्यावं तसा, मातीत गेला. दिसेनासा झाला. चंद्राबाईनं उलथनं धरून वर उचललं. उलथनं अलगद हातात आलं आणि बरणी जागची हललीसुद्धा नाही.

"माती तीच," अंतरा म्हणाली. "वजन तेच. फक्त पाण्याच्या रेट्यानं कणांची एकमेकांवरची पकड सुटली. मी तुमच्या डोंगराचे नमुने प्रयोगशाळेत तपासलेत. दोन मजल्यांची लोखंडी पेटी असते, आत माती भरायची, वरून वजन ठेवायचं आणि एक मजला आडवा ढकलायचा. कोरडी असताना माती ऐकत नाही. पाण्यानं पूर्ण भरली की निम्म्याहून कमी जोरात सरकते. आणि तुमच्या डोंगराचा तर पायथाच कापलेला आहे, त्या नव्या रस्त्यासाठी. खालचा आधार गेला, वरून पाणी सोडलं. आता तुम्हीच सांगा."

राजेशला याच वेळी महत्त्वाचा फोन आला आणि तो कानाला मोबाइल लावून मंडपाबाहेर गेला. मोबाइल वाजलेला मी तरी ऐकला नाही.

चंद्राबाई मात्र उभीच होती. तिचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता. "म्हंजी आमी," ती म्हणाली आणि थांबली. "म्हंजी हंडे डोकीवर घेऊन, उपास करून, आमीच आमच्या डोंगराची चिखलणी करत होतो? माझ्या नातवाच्या उशाशी?"

महाराजांनी हात वर केला. "माई, श्रद्धेत शंका आली की फळ..."

"तुमी बसा खाली!" तिनं असा आवाज लावला की महाराज खरंच खाली बसले.

त्या दिवशी बायकांनी वर जाऊन पाइप उपटला. उपटून राजेशच्या गेटवर टाकला. अंतरानं नामाला आणि आणखी दोघांना बरोबर घेऊन भेग चिकणमातीनं बुजवली, वर ताडपत्री टाकली, पावसाचं पाणी बाजूनं जावं म्हणून चर खणला. तिनं स्पष्ट सांगितलं, "यानं डोंगर थांबेल, अशी हमी मी देत नाही. पाणी कमी जाईल, एवढंच. इशारा आला की घर सोडायचंच." हमी न देणारा माणूस लोकांना आवडत नाही. पाच-सहा घरं तेव्हाही महाराजांचा अंगारा दाराला लावून बसली होती.

जुलैत पावसानं जोर धरला आणि मुसळधारीचा इशारा आला. दुपारीच चंद्राबाईनं बाळाला गोधडीत गुंडाळून अक्षदाच्या हातात दिलं, गुरं सोडली आणि उंबरठा ओलांडला. ओलांडताना तिनं डोंगराला हात जोडून माफी मागितली, हे तिनंच मला मागाहून सांगितलं. पाप माथी येईल ही भीती एका बरणीनं जात नाही. पण ती ओलांडून अंगारा लावलेल्या घरांच्या दारात गेली आणि तिथे ठाण मांडून बसली. "तुमी येईपत्तुर मी हितंच भिजते," म्हणाली. म्हातारीला पावसात बसवून ठेवायची लाज वाटून का होईना, सगळी निघाली. अंधार पडायच्या आत वाडी शाळेत पोचली.

पहाटे डोंगर आला. सगळा नाही, भेगेच्या खालचा लचका. मंडप गेला, चंद्राबाईचं घर गेलं, शेजारची दोन गेली. माणूस एकही गेला नाही.

मला वाटलं होतं, महाराज आता तोंड दाखवणार नाहीत. पण मी या मंडळींना अजून ओळखलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते राजेशच्या गाडीतून शाळेच्या पटांगणात उतरले, डोळ्यांत पाणी आणून.

"मी सांगत होतो!" ते म्हणाले. "उंबरठा सोडलात, बंधन तुटलं, म्हणून डोंगर आला! माझं ऐकून घरात राहिला असतात, तर आज तुमची घरं उभी असती!"

बघा ही हुशारी. डोंगर आला नसता, तर तो महाराजांच्या मंत्रानं. आला, तर तो तुमच्या पापानं. या धंद्यात तोटाच नाही. आणि मला भीती वाटली, कारण दोन-तीन माना हलल्याही. ज्याचं घर गेलं त्याला कुणी तरी कारण हवं असतं.

चंद्राबाई वर्गाच्या पायरीवर नातवाला घेऊन बसली होती. घर गेलेलं, भांडी गेलेली, अंगावर दुसऱ्याचं लुगडं. ती उठली आणि बाळासकट महाराजांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "आमी तुझं ऐकून घरात राह्यलो असतो, आन डोंगर आला असता, तर आज ह्ये तू कुणाला सांगितलं असतंस रं?"

महाराजांकडे मंत्र होते, फ्रिक्वेन्सी होती, तत्त्वं होती. ती सगळी घेऊन ते गाडीत बसले. राजेशनं गाडी वळवली. पोलिसांत तक्रार नोंदवायला अंगारा लावलेल्या घरांतलीच माणसं पुढे झाली, आणि जादूटोणाविरोधी कायदा कशाशी खातात हे त्या दोघांना त्या पावसाळ्यात कळलं. पायथा कापायचं उरलेलं काम बंद पडलं.

वाचकहो, तुमच्या गावावर डोंगर नसेल, तरी कुणी ना कुणी महाराज येईलच. त्याच्या चमत्काराला हात जोडण्याआधी त्याला एवढंच विचारा: तुमचं म्हणणं चुकीचं ठरलं, हे कळायला काय घडावं लागेल? अंतराला हे विचारलं, तर ती आकडा सांगेल, बरणी पुढे करील आणि चुकली तर चुकले म्हणेल. महाराज मात्र सांगतील की ते कधीच चुकू शकत नाहीत. जो चुकूच शकत नाही, त्याच्या भरवशावर लेकराचा पाळणा बांधू नका.